भाड्याचा फ्लॅट आणि प्रीपेड वीजमीटर : घेण्याआधी काय तपासायचं?

मृण्मयी_एनसीआर

मंडळी, दिल्लीजवळ नोएडा आणि ग्रेटर नोएडा वेस्ट या भागात भाड्याने दोन बीएचके बघतेय. महाराष्ट्रात महिनाभर वीज वापरायची, मग बिल येतं, मग भरायचं. इकडच्या बहुतेक उंच सोसायट्यांत प्रीपेड मीटर आहेत. आधी पैसे, मग वीज. एजंटला काहीही विचारलं तरी 'मोबाइलसारखं रिचार्ज करायचं' एवढंच उत्तर येतं.

मीटरमध्ये ग्रिड (वीज कंपनीची वीज) आणि डीजी (डिझेल जनरेटर) अशा दोन नोंदी कशासाठी असतात? महिन्याला किती पैसे टाकून ठेवावे लागतील याचा अंदाज कसा बांधायचा? आधीच्या भाडेकरूची थकबाकी आपल्या गळ्यात पडू शकते का? आणि मध्यरात्री बॅलन्स संपला तर काय करायचं? अनुभवांपेक्षा आकडे आणि पायऱ्या सांगितल्यात तर जास्त उपयोग होईल.

जुना_लाइनमन

ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. 'प्रीपेड मीटर' या एकाच नावाखाली तिकडे दोन वेगळे प्रकार आहेत आणि तुमचे अर्धे प्रश्न कोणता प्रकार आहे यावर सुटतात.

पहिला प्रकार वीज कंपनीच्या स्मार्ट प्रीपेड मीटरचा. नोएडात पश्चिमांचल विद्युत वितरण निगम आणि ग्रेटर नोएडात नोएडा पॉवर कंपनी. कनेक्शन थेट फ्लॅटमालकाच्या नावावर असतं, ग्राहक क्रमांक कंपनीचा असतो आणि रिचार्ज कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा कुठल्याही यूपीआय अ‍ॅपच्या वीजबिल विभागात होतं.

दुसरा प्रकार सिंगल पॉइंटचा. सोसायटी किंवा बिल्डर कंपनीकडून ११ किंवा ३३ केव्हीवर एकच मोठं कनेक्शन घेतो, आवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून वीज घरोघर वाटतो आणि प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा प्रीपेड मीटर बसवतो. हा मीटर दुहेरी असतो. एका रजिस्टरमध्ये ग्रिडची युनिटं (डिस्प्लेवर बहुधा 'ईबी'), दुसऱ्यात जनरेटरची. जनरेटर सुरू झाला की मीटरला एका वेगळ्या तारेतून संकेत मिळतो आणि मोजणी दुसऱ्या रजिस्टरवर जाते. दर वेगळा, मंजूर भारही (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढता येतील ती मर्यादा) वेगळा.

ओळखायचं कसं? मालकाकडे वीज कंपनीचं त्याच्या नावाचं बिल किंवा ग्राहक क्रमांक मागा. तो नसेल आणि रिचार्ज सोसायटीच्या अ‍ॅपवरून होत असेल, तर दुसरा प्रकार.

हिशेबनीस

लाइनमनकाकांनी पाया घातला, मी आकडे मांडतो. दुसऱ्या प्रकारात लोक फसतात ते युनिटच्या दरात नाही, रोजच्या वजावटीत.

एक नमुना हिशेब. दर सोसायटीगणिक बदलतील, रीत हीच राहील. ग्रिडचा मंजूर भार ५ किलोवॅट, स्थिर आकार ११० रुपये प्रति किलोवॅट धरा. महिन्याचे ५५०, म्हणजे दिवसाला १८.३३. डीजीचा भार २ किलोवॅट, ६० रुपयांनी १२०, दिवसाला ४. फ्लॅट १,२०० चौरस फूट, देखभाल २.५० रुपये दराने ३,०००, दिवसाला १००. एकूण १२२ रुपये ३३ पैसे रोज, एकही दिवा न लावता. बहुतेक प्रणालींत ही रक्कम मध्यरात्री वळती होते.

आता उन्हाळ्यातला वापर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री ८ तास चालला तर ६ ते ८ युनिटं, महिन्याला २१० धरा. फ्रिज, पंखे, धुलाई यंत्र, बाकी सगळं मिळून १००. एकूण ३१० युनिटं, ७ रुपयांनी २,१७०. स्थिर वजावटीचे ३,६७० मिळवले की ५,८४०. रिचार्जमधला निम्म्याहून जास्त पैसा वापरलेल्या विजेचा नाहीच. भाडं ठरवताना 'मेंटेनन्स भाड्यात धरलाय की मीटरमधून कापला जातो' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. दोन्हीकडून जात असेल तर तो तुमच्या खिशातून दोनदा जातोय.

चकलीभाजणी

म्हणजे दिवाळीला वीस दिवस घर बंद करून गावी गेलं तरी मीटर चालू?

हिशेबनीस

हो. वर दिलेल्या आकड्यांनी २० दिवसांचे २,४४७ रुपये जातील, त्यात फ्रिज चालू ठेवला तर त्याची २० ते २५ युनिटं वेगळी. बॅलन्स उणे झाला की परत आल्यावर केलेलं रिचार्ज आधी ती उणे रक्कम खातं. शिल्लक उणे ६०० असताना २,००० टाकले तर हातात १,४०० उरतात. 'पैसे टाकले पण मीटरवर कमी दिसतात' या तक्रारींचं हे नेहमीचं कारण. निघताना दिवसांच्या हिशेबाने बॅलन्स ठेवून निघा.

अवनी_गुरुग्राम

डीजीवर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे खर्च आणि मनस्ताप दोन्ही आहेत.

एक लिटर डिझेलमधून मोठा जनरेटर साधारण ३ ते ३.५ युनिटं देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला २६ ते ३० रुपये. त्यामुळे डीजीचा दर ग्रिडच्या तीन-चार पट दिसला तर त्यात लबाडी असेलच असं नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपासचा पट्टा) जनरेटरला दुहेरी इंधनाचं किट किंवा उत्सर्जन नियंत्रक यंत्रणा लागते. हवा बिघडली की निर्बंध आणखी कडक होतात. सोसायटीचे जनरेटर गॅसवर चालतात का आणि हिवाळ्यात लिफ्ट, पाणी यांच्यापलीकडे घरांना बॅकअप मिळतो का, हे विचारून ठेवा.

डीजीचा भार बहुधा १ किंवा २ किलोवॅटच असतो. १ किलोवॅटमध्ये काय बसतं? चार पंखे ३००, फ्रिज १५०, टीव्ही १००, सात-आठ एलईडी दिवे ७०, राउटर १०. झाले ६३०. वर मिक्सर लावलात तर तो ५०० ते ७५० घेतो, म्हणजे सीमा ओलांडली. १५ लिटरचा गीझर २,०००, इंडक्शन २,०००, इस्त्री १,०००, हे तर सोडूनच द्या.

भार ओलांडला की मीटर स्वतःचा रिले (आतला स्विच) उघडतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडून बघतो. भार तसाच असेल तर पुन्हा तोडतो, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर बंदच राहतो. अशा वेळी घरातली मुख्य एमसीबी खाली करा, गीझर आणि एसीच्या एमसीबी वेगळ्या पाडा, दोन-तीन मिनिटांनी मुख्य एमसीबी वर करा. मीटर जिवंत होतो. इलेक्ट्रिशियनला बोलवायची गरज नसते.

बोरिवली_लोकल

थोडक्यात, गीझर आणि जनरेटर यांची पत्रिका जुळत नाही, गुण शून्य. :-)

घाटावरचा

माझं मत वेगळं आहे. शक्य असेल तर भाडेकरूने प्रीपेड टाळावंच. पोस्टपेडमध्ये पैसे थकले तरी विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. प्रीपेडमध्ये शून्य आलं की अंधार. घरात आजारी माणूस असेल, नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनचं यंत्र असेल तर? महाराष्ट्रात याच मुद्द्यावरून एवढा विरोध झाला की जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. नंतर जे स्मार्ट मीटर लागू लागले ते बिलवाले, पोस्टपेड.

हिशेबनीस

@घाटावरचा, वैद्यकीय यंत्राचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिथे इन्व्हर्टर-बॅटरी हवीच, मीटर कुठलाही असो. पण भाडेकरूच्या बाजूने प्रीपेडचे दोन ठोस फायदेही आहेत. कलम ४७ च्या पोटकलम ५ नुसार प्रीपेड मीटरने वीज घेणाऱ्याकडून वीज कंपनी पुरवठ्यापोटी सुरक्षा ठेव मागू शकत नाही. आणि घर सोडताना शेवटचं बिल यायची वाट पाहत मालकाकडे अनामत अडकून राहत नाही. मीटरवरचा आकडा हाच हिशेब.

घाटावरचा

दुसरा फायदा मान्य. पहिला सिंगल पॉइंटमध्ये मिळेलच असं नाही, तिथे सोसायट्या वेगळ्या नावाने अनामत घेतात.

कायदेकानू

कायद्याचं आलंय तर नीट मांडते.

कलम ४३ प्रमाणे वीज मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच भोगवटादारालाही आहे. भाडेकरू हा भोगवटादार. मालकाने ना-हरकत पत्र दिलं नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'दिलीप विरुद्ध सतीश' प्रकरणात स्पष्ट केलंय. वीज ही मूलभूत सोय आहे, असं त्यात म्हटलंय. भाड्याच्या वादातून मालकाने वीज तोडणं महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ ने मना आहे, आणि उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या भाडे कायद्यातही अत्यावश्यक सेवा रोखायला बंदी आहे.

सिंगल पॉइंटवाल्यांसाठी महत्त्वाचे आहेत केंद्राचे २०२० चे वीज ग्राहक हक्क नियम आणि त्यांतली फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती. घरातली ग्रिडची वीज, बॅकअपची वीज आणि सामायिक भागाची वीज या तिन्हींची मोजणी आणि बिलं वेगवेगळी हवीत. सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त मालकांनी मागणी केली तर वीज कंपनीला प्रत्येकाला स्वतंत्र कनेक्शन द्यावं लागतं. हे मत मालकांचं, भाडेकरूचं नाही, पण कागद मागायचा आधार तुमच्यापाशी आहे. 'तिन्हींचा वेगळा तपशील द्या' असा साधा ईमेल देखभाल कार्यालयाला करा. तोंडी विचारू नका.

आणखी एक. मीटरच्या नोंदीबद्दल तक्रार केली तर वीज कंपनीने ५ दिवसांत शेजारी तपासणी मीटर लावून किमान ३ महिने दोन्ही नोंदी ताडून बघायच्या, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीत आहे.

चकलीभाजणी

मेंटेनन्स थकला म्हणून वीज तोडतात त्याचं काय?

कायदेकानू

वीज आणि देखभाल ही दोन वेगळी देणी आहेत. देखभालीची वसुली करायची तर त्याचे मार्ग वेगळे. विजेचे पैसे आगाऊ भरलेले असताना त्यातून देखभाल कापून मीटर शून्यावर आणणं आणि वीज गेली असं सांगणं, हे वीज नियामक आयोगापुढे नेण्यासारखं प्रकरण आहे. त्यासाठी पुरावा लागतो तो अ‍ॅपमधल्या रोजच्या वजावटीच्या तक्त्याचा. दर महिन्याच्या १ तारखेला मागच्या महिन्याचा तक्ता उतरवून ठेवा. नंतर अ‍ॅपमधून जुना तपशील दिसेनासा होऊ शकतो.

लेस्टरकर

इंग्लंडमध्येही भाड्याच्या घरांत प्रीपेमेंट मीटर भरपूर आहेत, त्यामुळे तुलनेसाठी लिहितो. जुन्या मीटरला विजेची किल्ली असते. ती दुकानात किंवा पोस्टात नेऊन पैसे भरायचे. नव्या स्मार्ट मीटरला फोनवरून, आणि संपर्क तुटला तर २० अंकी कोड मीटरमध्ये टाकायचा.

घर ताब्यात मिळाल्या दिवशी जुनी किल्ली वापरूच नये. आधी पुरवठादाराला फोन करून नवीन रहिवासी म्हणून नोंद करायची आणि नवी किल्ली मागवायची. जुन्या भाडेकरूचं कर्ज मीटरवर चढवलेलं असेल तर तुमच्या प्रत्येक रिचार्जमधून ते कापलं जातं.

@घाटावरचा यांच्या मुद्द्याबद्दल : इथे शून्य आल्यावर थोडं 'इमर्जन्सी क्रेडिट' मिळतं, आणि रात्री किंवा शनिवार-रविवारी बॅलन्स संपला तरी वीज लगेच जात नाही. ते सगळं पुढच्या रिचार्जमधून वळतं होतं. पूर्वी प्रीपेमेंटवाल्यांना जास्त दर पडायचा, तो फरक जुलै २०२३ पासून काढला गेला. मीटर बंद असला तरी रोजचा स्थिर आकार मात्र साचत राहतो, अगदी हिशेबनीस यांच्या सोसायटीसारखाच.

जुना_लाइनमन

ही सवलत आपल्याकडच्या बऱ्याच मीटरांतही असते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तोडत नाहीत, किंवा उणे अमुक रुपयांपर्यंत चालू ठेवतात. सोसायटीच्या मीटरमध्ये ही मर्यादा प्रणाली चालवणारा ठरवतो. म्हणून प्रश्न असा विचारा : 'उणे किती रुपयांपर्यंत चालतो आणि किती वाजता तुटतो?' आकडा आणि वेळ, दोन्ही हवेत.

नैरोबीचा_पक्षी

आमच्याकडे केनियात सगळा कारभार २० अंकी टोकनवर. एम-पेसा या मोबाइलवरून पैसे भरायच्या सेवेत पेबिल ८८८८८० वर मीटर क्रमांक टाकून पैसे भरले की एसएमएसने टोकन येतं, ते घरातल्या कीपॅडवर दाबायचं. मीटर स्वतः बाहेर खांबावर किंवा मीटरखोलीत.

या पद्धतीचं जगभर वापरलं जाणारं मानक एसटीएस. त्यात प्रत्येक टोकनवर १९९३ पासून मोजलेल्या मिनिटांचा शिक्का असतो आणि तो मोजायला २४ बिटांची जागा होती. ती २४ नोव्हेंबर २०२४ ला भरली. त्याआधी प्रत्येक मीटरला आतली सांकेतिक किल्ली बदलणारी खास टोकनं देऊन घड्याळ पुन्हा शून्यावर आणावं लागलं. ज्या मीटरांचं ते राहून गेलं ते नवीन टोकन घेतच नाहीत. पीजीत किंवा जुन्या इमारतीत कीपॅडवाला मीटर दिसला तर तो अद्ययावत झालाय का, ते एक छोटं टोकन टाकून बघा. बदलाची टोकनं दोन असतील तर ती दोन्ही दिलेल्या क्रमाने टाकायची.

बोरिवली_लोकल

पीजीचा विषय निघालाच आहे तर हिंजवडी-वाकडवाल्यांसाठी. पीजी आणि कोलिव्हिंगमध्ये खोलीगणिक खासगी प्रीपेड सबमीटर असतात आणि युनिटचा दर मालक ठरवतो. 'महावितरणचा दरच एवढा आहे' असं सांगतात. त्यात अर्धं तथ्य असतं. दहा खोल्यांचा वापर एकाच घरगुती कनेक्शनवर आला की एकूण युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि सरासरी दर खरोखर चढतो. म्हणून मूळ बिलाचा फोटो मागा, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा. जो आकडा येईल त्याच्या फार वर मागत असतील तर बोलायला जागा आहे.

हिशेबनीस

टप्प्यांचा हाच मुद्दा वीज कंपनीच्या स्मार्ट प्रीपेडमध्येही लक्षात ठेवा. टप्पे महिन्याचे, वजावट रोजची. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीची युनिटं स्वस्त टप्प्यात कापली जातात, २०-२२ तारखेनंतर तेवढ्याच वापराला जास्त पैसे जातात आणि लोकांना वाटतं मीटर पळायला लागला. पुढच्या महिन्यात गणती पुन्हा शून्यापासून. रुपये बघू नका, रोजची युनिटं बघा.

अवनी_गुरुग्राम

पण काही मीटर खरंच जास्त दाखवतात, हे नाकारता येणार नाही.

जुना_लाइनमन

मीटर जास्त दाखवतो की तुमच्या घराबाहेरचं काही मोजतो, हे वेगळं करायला हवं. तीन चाचण्या करा.

घरातली मुख्य एमसीबी खाली करा आणि मीटरवरचा चालू भार बघा. तो शून्य व्हायलाच हवा. झाला नाही तर मीटर आणि तुमच्या एमसीबीच्या मधे कुणाची तरी तार जोडलेली आहे. कॉरिडॉरचा दिवा, शेजारचा पॉइंट, काहीही.

दुसरी चाचणी लुकलुकणाऱ्या लाल दिव्याची. मीटरच्या पाटीवर १६०० किंवा ३२०० इम्पल्स (म्हणजे लुकलुक) प्रति युनिट असं छापलेलं असतं. बाकी सगळं बंद ठेवून फक्त २ किलोवॅटचा गीझर लावा, टाकीत थंड पाणी हवं म्हणजे थर्मोस्टॅट मधेच तोडणार नाही. १६०० च्या मीटरवर मिनिटाला साधारण ५३ लुकलुक, ३२०० वर १०७. इतक्या वेगाने मोजणं जमत नाही, म्हणून मोबाइलवर चित्रण करा आणि हळू करून मोजा. व्होल्टेजही बघा. २३० ऐवजी २१० असेल तर तोच गीझर १.७ किलोवॅटच्या आसपास घेतो आणि लुकलुकही त्या प्रमाणात कमी होते. घरगुती मीटरला एक टक्क्याची चूक चालते. तुमच्या मोजणीत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तरच तक्रार करा.

तिसरी डीजीची. ग्रिड चालू असताना दोन्ही रजिस्टरचे आकडे लिहा, अर्धा तास गीझर चालवा. टाकी आधीच तापली तर गरम पाणी काढत राहा. ईबी सुमारे १ युनिटाने वाढायला हवं, डीजी तसूभरही नाही. डीजी वाढलं तर संकेताची तार बिघडली आहे आणि तुम्ही ग्रिडच्या विजेला डिझेलचा दर देताय.

दिवेलागण

लाइनमनकाका, सामायिक न्यूट्रलचं राहिलं. आपल्याकडचे आधुनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त तो धरतात. वायरिंग करताना कुणी दोन फ्लॅटचे किंवा सामायिक भागाचे न्यूट्रल एकत्र बांधले असतील, तर शेजारचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परततो आणि तुमच्या मीटरवर चढतो. इन्व्हर्टर बसवताना ही गफलत फार होते. चिमटा मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचं क्लॅम्प मीटर) असलेला इलेक्ट्रिशियन मीटरच्या बाहेर येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र चिमट्यात धरेल. वाचन शून्याजवळ हवं. अर्धा अ‍ॅम्पिअर, एक अ‍ॅम्पिअर दिसला तर न्यूट्रल मिसळलाय किंवा कुठेतरी गळती आहे.

जुना_लाइनमन

अगदी बरोबर. हे काम मीटरखोलीत आहे, त्यामुळे सोसायटीच्या माणसासमोरच करा. सील असलेल्या भागाला हात लावू द्यायचा नाही, कुणालाच.

चकलीभाजणी

रिचार्ज केलं, पैसे गेले, वीज आली नाही. मग?

अवनी_गुरुग्राम

क्रमाने बघा. ग्राहक क्रमांक तुमचाच होता का? यूपीआय अ‍ॅपमध्ये जुना जतन केलेला क्रमांक राहतो आणि पैसे आधीच्या घराच्या मीटरला जातात. पैसे भरण्याआधी पडद्यावर मालकाचं नाव येतं, ते वाचूनच पुढे जा.

क्रमांक बरोबर असेल तर अ‍ॅपमधला बॅलन्स आणि मीटरवरचा बॅलन्स ताडून बघा. वीज कंपनीच्या स्मार्ट मीटरमध्ये पैशांचा हिशेब सर्व्हरवर असतो, मीटर फक्त तोड-जोडीचा हुकूम पाळतो. पैसे जमा झाले पण हुकूम मीटरपर्यंत पोहोचला नाही, असं तळघरातल्या मीटरखोलीत नेटवर्क कमी असल्याने होतं. काही मीटरांवर बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की रिले जुळतो. नाहीच जमलं तर १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बँकेच्या संदेशातला १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. वीजबिल विभागातून भरलं असेल तर त्याच अ‍ॅपमधून भारत बिल पेमेंटची तक्रारही नोंदवता येते. सोसायटीच्या मीटरला यातलं १९१२ लागू नाही, तिथे देखभाल कार्यालय. म्हणून त्यांचा रात्रीचा फोन क्रमांक पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

मृण्मयी_एनसीआर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. आता दोन फ्लॅट उरलेत. पहिल्यात सिंगल पॉइंट, ग्रिड ५ किलोवॅट, डीजी १ किलोवॅट, देखभाल मीटरमधून जाते. दुसऱ्यात वीज कंपनीचा स्मार्ट प्रीपेड, बॅकअपसाठी वेगळा मीटर, देखभाल मालक स्वतः भरतो, पण भाडं २,५०० ने जास्त. कुठला घ्यावा? आणि करारात काय लिहून घ्यायचं?

हिशेबनीस

पहिल्याचा देखभालीचा महिन्याचा आकडा काढा. तो २,५०० च्या वर असेल तर दुसरा स्वस्त पडतो, वर देखभालीची दरवाढ झाली तर ती मालकाच्या माथी. बिल्डरची एजन्सी देखभाल बघत असेल तर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरला आहे का तेही बघा. विजेचे पैसे वीज कंपनीच्याच दराने, जसेच्या तसे घेत असतील तर त्यांवर जीएसटी लागत नाही, हे ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

पहिलाच घ्यायचा ठरला तर मालकाला भार ५ वरून ३ किलोवॅट करता येईल का विचारा. ११० च्या दराने महिन्याला २२० वाचतात. मात्र एसी आणि गीझर एकाच वेळी चालवता येणार नाहीत, दीड अधिक दोन म्हणजे साडेतीन होतात.

घाटावरचा

माझं मत दुसऱ्याला. तक्रार कुठे करायची हे तरी स्पष्ट आहे : आधी वीज कंपनी, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल.

कायदेकानू

मीही दुसराच म्हणेन. करारात मीटरचा अनुक्रमांक घाला, आणि ताबा घेतानाची ईबी व डीजीची युनिटं आणि रुपयांतला बॅलन्सही. ताब्याआधीची कोणतीही थकबाकी मालकाची, हे वाक्य हवंच. जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय, पण त्यासाठी नियमांत तशी तरतूद असावी लागते. म्हणजे थकबाकी जागेला चिकटू शकते, आणि तोडलेल्या विजेचा त्रास घरात राहणाऱ्यालाच होतो. सोडताना उरलेला बॅलन्स मालक अनामतीसोबत परत देईल, उणे असेल तर वळता करेल, हेही लिहा. सोसायटीचं अ‍ॅप भाडेकरूला पैसे परत करत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात चार दिवसांपुरताच बॅलन्स ठेवा. यूपीआय ऑटोपे लावला असेल तर घर सोडायच्या दिवशी तो रद्द करा.

जुना_लाइनमन

ताबा घ्यायच्या दिवशी दुपारी जा, उजेडात. डिस्प्लेची पानं बदलत जातात, प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोत मीटरचा अनुक्रमांक दिसू द्या. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक तिथेच उभं राहून बदलून घ्या. नाहीतर 'बॅलन्स कमी आहे' हा संदेश तुमच्याऐवजी आधीच्या भाडेकरूला जाईल. मग १०० रुपयांचं रिचार्ज करा आणि ते मीटरवर चढेपर्यंत घराची किल्ली घेऊ नका.